पाण्याचं शिंग

नातीचं लग्न पुण्याच्या मुलाशी ठरलं आणि भवानीबाईंनी कंबर कसली. लढाई कुणी पुकारली नव्हती, पण त्या तयार होत्या. "पुण्याची माणसं," त्या म्हणायच्या, "आपण कुंभकोणमचे म्हणजे त्यांच्या लेखी वाट चुकलेले. बघतील वरून खाली. बघू दे. मी पण बघते."

बघायची वेळ पहिल्याच फोनवर आली. शरण्याची होणारी सासू जयश्रीताई मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, "अहो आजी, तुमचं मराठी किती छान आहे! अगदी जुन्या वळणाचं."

भवानीबाईंच्या कानात त्यातला 'जुन्या' तेवढा शिरला.

"जुनं म्हणजे टाकाऊ नव्हे हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिकडं राहून जे सांडलंत, ते आम्ही इकडं येऊन राखलं. आमच्या घरची गौर अजून तेरड्याची असते, ठाऊक आहे? आमचे मराठे राजे इकडं आले, त्यांच्या मागोमाग आला तो तेरडा सह्याद्रीवरून. तुमच्याकडं म्हणे आता दुकानातले मुखवटे आणून बसवतात. ऐसं ऐकलं मी."

 जयश्रीताई हसून म्हणाल्या, "तेरड्याची गौर! मग बघायलाच हवी. यंदा आम्ही गौरींना तुमच्याकडेच येऊ का?"

"या की. कोण नको म्हणतंय?"

स्वयंपाकघरात पडवळ चिरत बसलेल्या श्रीविद्याचा हात थांबला. श्रीविद्या म्हणजे भवानीबाईंची सून, शरण्याची आई, गावातल्या बायकांच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. भवानीबाई तमिळ शाळेत जेमतेम तिसरीपर्यंत गेलेल्या, पण सुनेचा हात कुठं थांबतो हे कळायला त्यांना मान वळवावी लागत नसे.

"काय जाहलं?"

"काही नाही, आत्याबाई."

हे 'काही नाही' म्हणजे श्रीविद्याच्या गालातली सुपारी. कधी चावायची नाही, कधी थुंकायची नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून भवानीबाई वाट बघत होत्या की ही एकदा तरी तोंड उघडून भांडेल. पण पोरगी भांडायची नाही. घरात एकट्यानं भांडायचं म्हणजे दोन्ही बाजूंचं काम आपणच करायचं. त्यानं जीव दमतो, हे काय तिला कळत नव्हतं?

आता या घरची गौर कशी येते ते सांगायला हवं. भाद्रपदात गौरी माहेरी येतात, थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी. भवानीबाईंच्या घरात पितळी मुखवटा नाही की मातीचा नाही. गावाजवळच्या इन्नंबूरला भातशेताच्या कडेला एक तळं आहे, त्यात एक झाड उगवतं. झाड कसलं, रोपच. पाय पाण्यात, देठ पोकळ आणि रसरशीत, गुलाबी फूल, आणि फुलाच्या पाठीला एक वाकडं शिंग. त्याच्या दोन जुड्या आणायच्या, त्यांना लुगडी नेसवायची, त्याच गौरी. "हा तेरडा," असं भवानीबाईंना त्यांच्या सासूनं तळ्याच्या काठावर उभं करून दाखवलं होतं, आणि त्या सासूला तिच्या सासूनं.

आणायची रीत कडक. जी बाई जुडी खुडते तिनं तिथून घराच्या उंबऱ्यापर्यंत अवाक्षर काढायचं नाही. एक शब्द निसटला की परत तळ्यावर, पुन्हा पहिल्यापासून. उंबऱ्यावर आतल्या बायकांनी विचारायचं, "कोण आलं?" बाहेरचीनं म्हणायचं, "गौर आली." "कुठून आली?" "सह्याद्रीवरून आली." सह्याद्री भवानीबाईंनी कॅलेंडरावरसुद्धा नीट पाहिला नव्हता. पण दरवर्षी हे उत्तर त्या अशा खणखणीत आवाजात द्यायच्या की त्या राहायच्या त्या मेलकावेरीच्या अख्ख्या गल्लीला वाटावं, म्हातारी आत्ताच डोंगर उतरून आली.

पाहुणे आदल्या संध्याकाळी आले. जयश्रीताई माहेरच्या साताऱ्याच्या, अंगानं भरलेल्या, हसताना डोळे मिटणाऱ्या. दारातल्या कोळमच्या रांगोळीवर पाय पडू नये म्हणून त्यांनी त्या देहानिशी अशी उडी मारली की त्यांचा मुलगासुद्धा दचकला. भवानीबाईंनी रात्री झोपेपर्यंत त्यांच्यात खोट शोधली. एकही सापडली नाही. त्याचा त्यांना राग आला.

सकाळी नेहमीचा स्वामीनाथ रिक्षा घेऊन आला. राहुकाळ लागायच्या आत गौर उंबऱ्याच्या आत यायला हवी होती. श्रीविद्या दरवर्षी पिशवी धरायला बरोबर असायची, तशी निघाली. फक्त यंदा तिच्याकडे एक पिशवी जास्त होती, खालून ओली.

"त्यात काय?"

"काही नाही, आत्याबाई."

"काही नाही ते गळतंय बघ."

तळ्यापाशी पोचल्यावर भवानीबाईंनी कासोटा खोचला आणि गुडघाभर पाण्यात उतरल्या. उतरता उतरता त्यांचं तोंड सारखं चालू होतं. रिक्षा उन्हात लावली म्हणून स्वामीनाथला तमिळमध्ये झापलं, पाणी ढवळलं म्हणून म्हशीला, सावकाश उतरा म्हणाली म्हणून श्रीविद्याला. नळाचं पाणी जाणार असलं की घरातली सगळी भांडी भरून ठेवतात ना, तसं त्या बोलून ठेवत होत्या. मग पहिला देठ कटकन मोडला आणि तळ्यावर शांतता झाली. म्हशीनंसुद्धा वर पाहिलं.

रिक्षा निघाली. भवानीबाई मांडीवर दोन्ही जुड्या धरून ताठ बसल्या. शेतं मागे पडली, इन्नंबूरचं गोपुर नारळांच्या आड गेलं, आणि श्रीविद्या समोर बघत म्हणाली, "आत्याबाई, हा तेरडा नाही."

भवानीबाईंनी मान वळवली.

जीभ टाळूपर्यंत आली होती. दातांशी थांबली. हातात गौर. परत तळ्यावर जाऊन यायचं म्हटलं तर राहुकाळ गाठणार. सुनेनं वर्षातला नेमका हा तास धरला होता. त्यांनी डोळे असे वटारले की आरशातून बघणाऱ्या स्वामीनाथनं उगाचच हॉर्न वाजवला. इतकी वर्षं या घरच्या बायकांना नेऊन आणून त्याला मराठी बऱ्यापैकी समजत होतं.

"रागवा. घरी गेल्यावर काय बोलायचं ते बोला," श्रीविद्या म्हणाली.  "मला बरीच वर्षं ठाऊक आहे. तेरडा म्हणजे आपण इकडे काशीतुंबै म्हणतो ते. शेजारच्या गायत्रीमामींच्या कुंड्यांत आहे ते झाड. महाराष्ट्रात गौरीला तेच लागतं."

गायत्रीमामींच्या कुंड्या! त्या कुंड्यांतल्या बिया आपल्या कोळमवर उडतात म्हणून भवानीबाईंनी भांडून त्या भिंतीवरून हलवायला लावल्या होत्या. 'असली उडाणटप्पू झाडं आमच्या दाराशी नकोत,' असं म्हणाल्या होत्या.  बोलता येत नाही म्हटल्यावर माणसाला किती ऐकू येतं! रिक्षाचा खडखडाट, पोरीचा श्वास, स्वतःची छाती.

"जयश्रीताई साताऱ्याच्या," श्रीविद्या म्हणाली. "बघितल्याबरोबर ओळखतील. तुम्ही फोनवर एवढं सांगून बसलात. आत्याबाई, तुम्ही मला कितीही बोला, मी ऐकते. पण तुम्हाला कुणी हसलेलं मला चालायचं नाही."

या वाक्यासाठी भवानीबाईंची तयारी नव्हती. डोळे वटारलेलेच राहिले, पण आत काहीतरी निसटलं.

श्रीविद्यानं स्वामीनाथला करंजाच्या सावलीत रिक्षा थांबवायला सांगितली आणि ओली पिशवी उघडली. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काशीतुंबैच्या दोन जुड्या. गायत्रीमामींकडून पहाटे मागून आणलेल्या. "हा खरा तेरडा. तुम्ही आपल्या जुड्या माझ्याकडे द्या आणि या घ्या. बोलायला नको, नुसती मान हलवा. कुणालाही कळणार नाही. स्वामीनाथ काही बोलायचा नाही."

स्वामीनाथनं आरशातूनच 'बोलायचा नाही' अशी मान हलवली.

भवानीबाईंनी एका हातानं त्यातली एक जुडी घेतली. गुलाबी फूल. पाठीला शिंग. देठ तोच, पोकळ आणि पाण्यानं भरलेला. पानंही त्याच्या भाऊबंदांतलीच. फक्त हे मातीवर वाढलेलं, आणि मांडीवरचं पाण्यातून आलेलं. पानांखाली एक हिरवी लोंबती शेंग होती, लवभरली. त्यांनी ती बोटांत धरली मात्र, ती टचकन फुटली. बिया नाकावर आल्या. 'अय्यो' ओठांपर्यंत आला, तो त्यांनी दोन्ही ओठ दातांत धरून आत ढकलला.

श्रीविद्याला हसू आवरेना. "त्याचा स्वभावच तो. हात लावला की फुटायचं. म्हणून शास्त्रात त्याचं नाव इम्पेशन्स. म्हणजे अधीर. उतावळा."

भवानीबाईंनी भुवया वर केल्या.

"तुम्हाला नाही म्हटलं," श्रीविद्या घाईनं म्हणाली.

भवानीबाईंनी मांडीवरच्या जुडीला हात लावला आणि हनुवटी उडवली. आणि ही? हिला नाव नाही का?

"आहे. हायड्रोसेरा. ग्रीक भाषेतलं आहे. हायड्रो म्हणजे पाणी, सेरा म्हणजे शिंग. पाण्याचं शिंग. पुढं ट्रायफ्लोरा, तीन फुलांची." श्रीविद्यानं देठाच्या बेचक्यातलं छोटं लालसर फळ दाखवलं. "हे दाबून बघा. ही फुटत नाही."

भवानीबाईंनी दाबलं. फळ गुळगुळीत, घट्ट. दोन्ही बोटांनी दाबलं. ते तसंच राहिलं. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी दोन बोटं उभी केली, एकमेकांना चिकटवली आणि सुनेच्या तोंडासमोर धरली.

वर्गातल्या मुलींच्या चुकीच्या प्रश्नांतून खरा प्रश्न काढायची श्रीविद्याला सवय होती. "नातं? आहे ना. दोघींचं कूळ एकच. आणि त्या अख्ख्या कुळात घरं दोनच. एक तेरड्याचं, त्यात हजाराहून जास्त भावंडं, जगभर पसरलेली. आणि दुसरं हिचं. त्या घरात ही एकटीच. दुसरं कुणी नाही."

रिक्षाशेजारून एक बस गेली. धूळ उडाली. भवानीबाईंना सासू आठवली, तळ्याच्या काठावर उभी, 'हा तेरडा' म्हणणारी. तिच्यामागे तिची सासू. आणि त्या सगळ्यांच्या मागे, अगदी पहिली, जिचं नाव कुणाला ठाऊक नाही. असेल चौदा-पंधरा वर्षांची. कुठल्याशा डोंगरातून नवऱ्याबरोबर उचलून आणलेली. भाद्रपद आला, गौर आणायची वेळ झाली, आणि इथं सपाट रान, जिकडं बघावं तिकडं भात. बोली वेगळी, झाडं वेगळी. विचारायचं तरी कुणाला? हिंडत हिंडत या तळ्यापाशी आली असेल आणि पाण्यात तिला ते शिंग दिसलं असेल. गावाकडचं कुणी परक्या बाजारात पाठमोरं दिसावं तसं. धावली असेल पोर, चिखल न बघता.

चुकली? चुकली खरी. पण दोघींच्या तोंडावळ्यातलं नातं तिनं बरोबर ओळखलं होतं. पुस्तकं लिहिणारे मागून आले.

भवानीबाईंनी काशीतुंबैची जुडी पिशवीत परत ठेवली, त्यावर ओलं फडकं नीट ओढलं, आणि स्वामीनाथच्या पाठीत बोट खुपसलं. चल.

"आत्याबाई, अहो, पण..."

भवानीबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांची अडचण आता जयश्रीताई नव्हती. उंबऱ्यावर द्यायचं उत्तर होतं. मनातल्या मनात त्या ते म्हणून बघत होत्या आणि ते दुसऱ्या प्रश्नाशी अडत होतं. गौरीला हातात धरून खोटं कसं बोलायचं? आणि खरं बोलायचं तर इतक्या सासवांचं तोंड खाली पाडायचं. मेलकावेरीचं वळण आलं तरी त्यांना काही सुचलं नव्हतं.

दारात जयश्रीताई पाण्याचा तांब्या आणि हळदकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. काय विचारायचं ते शरण्यानं त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. गायत्रीमामीही पदर सारखा करत कट्ट्यावर येऊन उभ्या राहिल्या. भवानीबाई उंबऱ्यापुढं थांबल्या. जयश्रीताईंनी त्यांच्या चिखलानं माखलेल्या पायांवर पाणी घातलं, वाकून हळदकुंकू वाहिलं, आणि मग त्यांची नजर जुड्यांवर गेली. त्या जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. श्रीविद्यानं डोळे मिटून घेतले.

"कोण आलं?" जयश्रीताईंनी विचारलं.

"गौर आली."

"कुठून आली?"

भवानीबाईंनी श्वास घेतला.

"इन्नंबूरहून आली," त्या म्हणाल्या.

शरण्या हळूच म्हणाली, "आजी, सह्याद्री..."

"कान आहेत मला. इन्नंबूरहून आली. इथलीच आहे." आणि उजवा पाय आत टाकून त्या जयश्रीताईंकडे वळल्या. आता बांध फुटला. "आधीच सांगून टाकते, मागून कुजबुज नको. फोनवर मी तेरडा तेरडा केलं ते चुकीचं. हा तेरडा नव्हे. तेरड्याची बहीण आहे ही, पाण्यातली. तुमच्याकडं तेरड्याचं खटलं मोठं, हजार जणांचं. ही एकटी. पण एकटी असून इथं पाय रोवून राहिली, आणि आमच्या बायकांनी हिलाच गौर म्हणून आत घेतलं. हिचं नाव पाण्याचं शिंग. हसायचं असेल तर हसा."

"हसू कशाला?" जयश्रीताई गोंधळल्या. "आजी, मी कुठं तेरडा ओळखतेय? लहानपणी आजोळी पाहिला असेल. लग्न झाल्यापासून आम्ही फ्लॅटमध्ये, मुखवटेच बसवतो. तुम्ही फोनवर म्हणालात तेव्हा मीच ओशाळले. मघाशी बघत होते ती एवढ्यासाठी, की हा तेरडा असणार आणि आपल्याला साधं आठवतसुद्धा नाही. विचारायची लाज वाटली."

भवानीबाईंनी सावकाश मान वळवून सुनेकडे पाहिलं. श्रीविद्या दाराच्या चौकटीकडे अशी बघत होती, जणू त्या चौकटीचंही कूळ शोधायचं होतं.

"बघितल्याबरोबर ओळखतील म्हणे," भवानीबाई म्हणाल्या.

"मला काय ठाऊक, आत्याबाई!"

"त्या पिशवीत काय आहे?" जयश्रीताईंनी विचारलं.

"काही नाही..." श्रीविद्या सुरू झाली.

"तेरडा आहे," भवानीबाई म्हणाल्या. "खरा. या गायत्रीच्या कुंडीतला. बहिणीला आत घेऊन हिला काय रिक्षात ठेवायची? जयश्रीबाई, चला, वहाणा घाला. या दोन्ही जुड्या घ्या, गल्लीच्या टोकापर्यंत जा आणि चालत या. एक शब्द बोलायचा नाही. जमेल?"

"अगंबाई, मला? मी तर झोपेतसुद्धा..." जयश्रीताईंनी तोंडावर हात ठेवला. मग दोन्ही हातांत एकेक जुडी घेतली आणि डोळे मोठे करून निघाल्या. गायत्रीमामी त्यांच्या मागोमाग रस्ता दाखवायला धावल्या, गल्ली सरळ असूनही.

शरण्या आजीच्या हातातल्या जुड्या घेऊन आत गेली आणि ओटीवर सासू-सून दोघीच उरल्या. श्रीविद्यानं खाली बसून सासूच्या पायांवरचा उरलेला चिखल फडक्यानं पुसायला घेतला.

"इतकी वर्षं पोटात ठेवलंस," भवानीबाई म्हणाल्या.

"भीती वाटायची तुमची."

"खोटं. भीती असती तर आज बोलली नसतीस."

"आज तुम्हाला उलट बोलता येत नव्हतं."

भवानीबाई हसल्या. हसणं आवरायला त्यांनी पदर तोंडाशी धरला, पण पोट हलत राहिलं. "डांबरट आहेस. मला वाटायचं हिला भांडता येत नाही. हिला येतं, पण समोरच्याचं तोंड बांधून!" त्यांनी सुनेच्या केसांत अडकलेली तेरड्याची एक बी काढली आणि खाली टाकायच्या ऐवजी कमरेच्या चंचीत ठेवली. "ऐक. पुढल्या वर्षापासून गौर तू खुडायची."

श्रीविद्याचा हात थांबला. या घरात गौर खुडायचा मान हातातून हातात गेला तो आजवर सासू अंथरुणाला खिळल्यावरच. "अहो, पण तुम्ही चांगल्या धडधाकट आहात, आत्याबाई."

"म्हणूनच. गप्प राहणं तुला जमतं. मला त्या रिक्षात काय काय बोलायचं होतं! अर्ध्या वाटेत विसरूनसुद्धा गेले. पुढल्या खेपेला तू गौर धरून मुकाट बस. मी शेजारी बसून बोलत येईन. एवढी वर्षं तू पिकवलंस ना सगळं आतल्या आत? आता ऐकायचं."

गल्लीच्या टोकाला जयश्रीताई वळल्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लालबुंद, आणि वाटेत जो भेटेल त्याला त्या डोळ्यांनीच सगळं सांगत येत होत्या.

"ऊठ, तांब्या भर," भवानीबाई म्हणाल्या. "या खेपेला विचारायचं तू. कुठून आली म्हटल्यावर ती साताराच म्हणेल. म्हणू दे."